हॉस्पिटलमध्ये एसी चालू आहे, पण हवा बदलतेय का?

मे महिन्यातली दुपार. अंबाजोगाईत पारा चाळिशी ओलांडून गेलेला. पेशंटला घेऊन आलेले नातेवाईक एखाद्या हॉस्पिटलच्या एसी रूममध्ये शिरतात आणि पहिलं वाक्य येतं, "हितं बरं वाटतंय बघा." लगेच कोणीतरी म्हणतं, "दार लावून घ्या, गार हवा जातीय."

दार लागतं. खिडक्या तर आधीपासूनच बंद असतात. आता खोलीत चार पेशंट, त्यांचे सहा नातेवाईक आणि एक सिस्टर. एका पेशंटला तीन आठवड्यांपासून खोकला आहे. त्याचा टीबीचा रिपोर्ट अजून यायचा आहे.

खोली गार आहे. पण तिथले अकराच्या अकरा जण फिरून फिरून तीच हवा श्वासात घेतायत.

हे चित्र कोणत्या एका हॉस्पिटलचं नाही. जिथे एसी आहे आणि खिडकी बंद आहे, तिथे कुठेही हेच होऊ शकतं. म्हणूनच हॉस्पिटलमध्ये हवा खेळती कशी ठेवतात, त्यासाठी कोणती यंत्रणा असते, ती बिघडली तर काय होतं आणि तिची देखभाल म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं.

अंबाजोगाईत हा विषय का महत्त्वाचा?

अंबाजोगाई हा बीड जिल्ह्यातला एक तालुका. पण इथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव असलेलं हे कॉलेज १९७०च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं. डॉक्टर घडवणारं मोठं कॉलेज शहरात न काढता ग्रामीण भागात काढायचं, हा त्या काळात वेगळा प्रयोग होता.

आज बीड जिल्ह्यासोबतच शेजारच्या लातूर, परभणी आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांमधूनही पेशंट इथे येतात. २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा अंबाजोगाईजवळच्या लोखंडी सावरगावात मोठं कोविड रुग्णालय उभं करावं लागलं.

थोडक्यात, हजारो लोकांचा श्वास ज्या इमारतींवर अवलंबून आहे, अशा इमारती या एका तालुक्यात आहेत. त्यात मराठवाड्याचं हवामान. उन्हाळ्यात धूळ आणि झळा, पावसाळ्यात ओल आणि बुरशी, हिवाळ्यात थंडीमुळे रात्री बंद केलेल्या खिडक्या. शिवाय मधूनच जाणारी लाईट. हवेची यंत्रणा बिघडवणाऱ्या सगळ्या गोष्टी इथे वर्षभर हजर असतात.

हवा बदलणं म्हणजे नेमकं काय?

घरी बसवतात तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटला जोडलेल्या पाईपमधून गॅस फिरतो, हवा फिरत नाही. म्हणजे एसीने खोलीचं तापमान बदलतं, खोलीतली हवा मात्र तीच राहते.

व्हेंटिलेशन म्हणजे जुनी हवा बाहेर आणि ताजी हवा आत. ते किती होतंय हे मोजायचं एक सोपं माप आहे: खोलीत जितकी हवा मावते, तितकी हवा तासाभरात किती वेळा बदलली?

हा आकडा महत्त्वाचा का आहे, ते अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या तक्त्यावरून कळतं. खोकणारा पेशंट खोलीतून निघून गेला, तर त्याने हवेत सोडलेले ९९ टक्के सूक्ष्म कण बाहेर जायला किती वेळ लागतो?

- तासाला २ वेळा हवा बदलत असेल, तर १३८ मिनिटं
- ६ वेळा बदलत असेल, तर ४६ मिनिटं
- १२ वेळा बदलत असेल, तर २३ मिनिटं
- २० वेळा बदलत असेल, तर १४ मिनिटं

पहिल्या खोलीत पेशंट गेल्यावर दोन तासांनी आलेला माणूसही पूर्णपणे सुरक्षित नाही. चौथ्या खोलीत पाव तासात चित्र पालटतं.

टीबीचे जंतू, गोवरचा विषाणू आणि कोरोनाचा विषाणू अशा बारीक कणांवर बसून हवेत बराच वेळ तरंगू शकतात. म्हणून भारत सरकारने एप्रिल २०१० मध्ये हवेतून पसरणाऱ्या संसर्गाबाबत आरोग्य संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जास्त धोक्याच्या ठिकाणी तासाला किमान १२ वेळा हवा बदलली पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटना साध्या वॉर्डसाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा असावी असं म्हणते.

सगळ्या खोल्यांना एकच नियम का चालत नाही?

हॉस्पिटलमध्ये हवा कुठून कुठे वाहते, हेही ठरवावं लागतं. इथे दोन अगदी उलट खोल्या असतात.

पहिली, ऑपरेशन थिएटर. पेशंटचं शरीर उघडं असतं, त्यामुळे बाहेरचे जंतू आत यायला नकोत. म्हणून आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते. एनएबीएच ही हॉस्पिटलना मानांकन देणारी भारतातली संस्था. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशन थिएटरमध्ये तासाला किमान २० वेळा हवा बदलली पाहिजे आणि त्यातल्या किमान ४ वेळा ती बाहेरची ताजी हवा असली पाहिजे. थिएटरमध्ये विंडो किंवा स्प्लिट एसी वापरू नये, असंही त्यात म्हटलं आहे. कारण हे एसी आतलीच हवा फिरवतात आणि त्यांच्या कोपऱ्याकपाऱ्यांत जंतू वाढतात.

दुसरी, टीबी किंवा तशाच आजाराच्या पेशंटची आयसोलेशन रूम. इथे आतले जंतू बाहेर जायला नकोत. म्हणून आतला दाब कमी ठेवतात. दार उघडलं तरी हवा व्हरांड्यातून आत जाते आणि एक्झॉस्टमधून माणसांपासून लांब, उंचावर बाहेर सोडली जाते.

एक्झॉस्ट फॅन उलटा बसला, किंवा त्याचं तोंड शेजारच्या वॉर्डाच्या खिडकीकडे निघालं, तर हीच सोय धोक्याची होते.

मोठी यंत्रणा काम कशी करते?

ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूसाठी साधारणपणे 'एअर हँडलिंग युनिट' असतं. सगळे त्याला एएचयू म्हणतात. गच्चीवर किंवा बाजूच्या खोलीत ठेवलेली ही पत्र्याची मोठी पेटी असते.

त्यात बाहेरची हवा येते आणि जाड धूळ अडवणाऱ्या प्री-फिल्टरमधून जाते. पुढे गार पाण्याच्या किंवा गॅसच्या कॉइलवरून ती थंड होते. मोठा पंखा ती डक्टमध्ये ढकलतो. मधल्या बारीक फिल्टरनंतर शेवटी छताजवळ हेपा फिल्टर लागतो. हेपा ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो.

एक हिशोब पाहा. थिएटर २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल, तर त्यात ४,००० घनफूट हवा मावते. तासाला २० वेळा बदलायची म्हणजे ८०,००० घनफूट. मिनिटाला साधारण १,३३३ घनफूट हवा त्या पंख्याने सतत ढकलली पाहिजे.

आता प्री-फिल्टरवर धुळीचा थर बसला, असं समजा. पंखा तितक्याच वेगाने फिरतो, पण त्याच्यातून जाणारी हवा कमी होते. २० चे १४ होतात, १४ चे १० होतात. खोली मात्र गारच राहते. बल्ब गेला तर अंधार पडतो, नळ गेला तर पाणी थांबतं. हवेचा प्रवाह निम्म्यावर आला तरी कोणाला काही जाणवत नाही. म्हणूनच ही यंत्रणा 'बिघडल्यावर दुरुस्त करू' या पद्धतीने सांभाळता येत नाही. तिची तपासणी ठरलेल्या दिवशी व्हावीच लागते.

देखभालीत नेमकं काय काय येतं?

वेळापत्रक यंत्रणेप्रमाणे आणि कंपनीच्या सूचनांप्रमाणे बदलतं. पण कामं साधारण अशी असतात.

*रोज:* थिएटर आणि आयसोलेशन रूमचा दाब मीटरवर पाहून वहीत लिहिणं. दारं नीट लागतात का, एक्झॉस्ट चालू आहे का, ग्रिलसमोर कपाट किंवा खोकी ठेवलीत का, हे पाहणं.

*दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला:* प्री-फिल्टर काढून धुणं आणि पूर्ण वाळवून बसवणं. ओला फिल्टर बसवला की बुरशीला आमंत्रण. मराठवाड्यात उन्हाळ्यात धूळ जास्त, त्यामुळे इथे पुण्या-मुंबईचं वेळापत्रक जसंच्या तसं चालेलच असं नाही.

*दर महिन्याला:* कॉइलखालचा पाण्याचा ट्रे आणि त्याची नळी साफ करणं. इथे पाणी साचलं की शेवाळ धरतं आणि तीच हवा पुढे वॉर्डात जाते. एक्झॉस्टची पाती, ग्रिल आणि खिडक्यांच्या जाळ्या पुसणं.

*दर तीन-चार महिन्यांनी:* कॉइल साफ करणं, पंख्याचा पट्टा तपासणं, डक्टचे जोड कुठे सुटलेत का ते पाहणं.

*वर्षातून एकदा:* हवा खरंच किती बदलते याची उपकरणाने मोजणी आणि हेपा फिल्टर कुठे गळतो का याची चाचणी. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो बदलावाच लागतो. हेपा धुऊन परत वापरता येत नाही.

लाईटचा प्रश्नही यातच येतो. लाईट गेल्यावर जनरेटर दिवे आणि मशीन सांभाळतो. पण एएचयू आणि एक्झॉस्ट त्याच्यावर जोडलेले नसतील, तर त्या क्षणी दाब कोसळतो आणि हवा वाट्टेल तिकडे वाहू लागते.

अनेक ठिकाणी 'फ्युमिगेशन केलं की थिएटर स्वच्छ' असा समज असतो. फॉर्मेलिनचा धूर करून खोली बंद ठेवण्याची ही जुनी पद्धत. पण धूर ओसरल्यावर पहिला माणूस आत आला की हवेत पुन्हा जंतू येतात. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. नेहमीच्या वापरासाठी अशा धुरीची शिफारस सीडीसी करत नाही. फिल्टर, हवेचा प्रवाह आणि फरशी-भिंतींची नीट सफाई यांना हा पर्याय होत नाही.

एएचयू नसेल तर? खिडकी किती कामाची?

बहुतेक जनरल वॉर्ड, ओपीडी आणि ग्रामीण रुग्णालयांत एएचयू नसतं. तिथे खिडकी हीच यंत्रणा. आणि ती कमी दर्जाची आहे असं समजायचं कारण नाही.

पेरू देशातल्या लिमा शहरात संशोधकांनी हॉस्पिटलच्या खोल्यांमधली हवा मोजली. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. ज्या यांत्रिक व्हेंटिलेशनच्या खोल्यांशी तुलना केली, तिथे १२ वेळा धरली होती. टीबीच्या पेशंटसोबत दिवसभर राहिल्यास लागण होण्याचा अंदाज जुन्या खोल्यांत ११ टक्के, नव्या खोल्यांत ३३ टक्के आणि यांत्रिक खोल्यांत ३९ टक्के निघाला.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना छतात भोक ठेवलेलं असायचं. गरम हवा आणि चुलीचा धूर तिथून वर निघून जायचा, खालच्या दारातून ताजी हवा यायची. उंच छत आणि वरचे झरोके असलेले जुने वॉर्डही याच तत्त्वावर चालतात. नूतनीकरणात फॉल्स सिलिंग टाकून हे झरोके बुजवले की ही फुकटची यंत्रणा संपते.

पण खिडकीलाही नियम आहेत. २०१० च्या सरकारी सूचनांनुसार उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे २० टक्के असावी आणि ती समोरासमोरच्या बाजूंना विभागलेली असावी. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या वॉर्डला १२० चौरस फूट उघडी जागा, दोन्हीकडे ६०-६०. सरकत्या काचेची खिडकी जास्तीत जास्त निम्मीच उघडते, त्यामुळे तिचं निम्मंच माप धरायचं. डासांची जाळी धुळीने भरली असेल तर आणखी कमी. कबुतरं येतात म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला असेल तर शून्य. जाळी धुणं हीसुद्धा व्हेंटिलेशनची देखभालच आहे.

आणि कूलर? खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवलेला कूलर ताजी हवा आत ढकलतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आतलीच हवा दमट करत राहतो. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून टाकी घासली पाहिजे. डेंग्यूसाठी 'कोरडा दिवस' पाळतात, तो इथेही लागू होतो.

दुर्लक्ष झालं तर किंमत कोण मोजतं?

सगळ्यात आधी तिथे रोज काम करणारे लोक. पेशंट आठवड्याभरात घरी जातो. सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी आणि निवासी डॉक्टर वर्षानुवर्षं तीच हवा घेतात. मुंबईतल्या शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना टीबी झाल्याच्या बातम्या अनेक वर्षं येत राहिल्या आहेत.

दुसरा धोका आगीचा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. आयसीयूत अनेक पेशंटना ऑक्सिजन लावलेला असेल आणि खोली बंद असेल, तर हे प्रमाण वाढू शकतं. ते २३.५ टक्क्यांच्या वर गेलं की साधी ठिणगीही भयानक पेटते. सतत हवा बदलत राहिली तर हा जास्तीचा ऑक्सिजन साचत नाही.

आग लागल्यावर धूर बाहेर जायला वाट नसेल, तर जीव जातो तो बऱ्याचदा धुराने. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळांचा जीव गेला. त्यातली काही धुरात गुदमरली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली, तेव्हा एसी युनिटमधून ती सुरू झाल्याचं सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत ११ जण गेले. प्रत्येक घटनेची कारणं वेगळी. पण एसीची वायरिंग, डक्ट आणि धूर बाहेर काढायची सोय या गोष्टी आग लागण्याआधीच तपासायच्या असतात.

हवा बदलतेय का, हे साध्या माणसाला कसं कळेल?

*कागदाची पट्टी:* दार बोटभर उघडून फटीसमोर टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा. ती कुठे झुकते त्यावरून हवा कुठे वाहते ते कळतं. यासाठी अगरबत्तीचा धूरही वापरतात, पण तो हॉस्पिटलच्या लोकांनी आणि रिकाम्या खोलीतच. जिथे ऑक्सिजन लावलेला आहे तिथे अगरबत्ती, काडेपेटी काहीही पेटवू नका.

*कार्बन डायऑक्साइड मीटर:* काही हजार रुपयांत मिळतो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम असतं. खोलीत ८०० च्या आत असेल तर हवा बरी बदलतेय. १,००० च्या बरंच वर गेलं तर खिडकी उघडायची वेळ झाली.

*नाक:* आत शिरल्यावर कोंदट, ओलसर, बुरशीसारखा वास आला तर तो सांगण्यासारखाच आहे.

नातेवाईक म्हणून तुम्ही काय करू शकता?

१. पेशंटजवळ एकच जण थांबा. माणसं कमी झाली की दर माणसामागे मिळणारी हवा वाढते.

२. जनरल वॉर्डात सिस्टरना विचारून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. थंडीत पूर्ण बंद करण्यापेक्षा वरची झडप उघडी ठेवा आणि पेशंटला पांघरूण वाढवा.

३. थिएटर, आयसीयू आणि आयसोलेशन रूमचं दार मात्र उघडं ठेवू नका. तिथे दार बंद असेल तरच दाब टिकतो.

४. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ओपीडीत गेल्या गेल्या सांगा आणि मास्क लावा.

५. 'फिल्टर शेवटचा कधी धुतला?' हे विचारायला संकोच करू नका. नीट चालणाऱ्या ठिकाणी याची वही असते.

सरकारी रुग्णालयांच्या इमारती आणि विजेची बरीच कामं सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. त्यामुळे फिल्टर धुवायचा असतो हॉस्पिटलमध्ये, पण त्याची फाईल दुसऱ्याच ऑफिसात असू शकते. वैद्यकीय महाविद्यालयांत अभ्यागत समिती आणि जिल्हा-ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिथे हा विषय मांडता येतो. देखभालीचा करार कोणाशी आहे आणि हवेची मोजणी शेवटची कधी झाली, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं.

नवीन इमारत किंवा नवीन मशीन आलं की फीत कापली जाते, फोटो येतो. फिल्टर धुतला म्हणून कोणी फोटो काढत नाही. पण आयसोलेशन रूममधून ड्युटी संपवून घरी जाणाऱ्या सिस्टरच्या घरात टीबी शिरणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या फिल्टरवर, त्या एक्झॉस्टवर आणि त्या उघड्या खिडकीवर ठरतं.